डबा उचलायचा की तोंडाने सांगायचे? मुंबईतल्या एकत्र जेवणाचा इतिहास

अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत किंवा घाटकोपर-मुलुंडच्या एलबीएस मार्गावर कुठल्याही कार्यालयात दुपारी एकच्या सुमारास डोकावून पाहा. सहा-आठ जण टेबलाभोवती बसलेले असतात. डबे उघडलेले असतात, कुणाची भेंडी, कुणाचा खिमा, कुणाचे लोणचे इकडून तिकडे फिरत असते. अशा बहुतेक टेबलांवर एक जण असा असतो, ज्याच्या जेवण्याविषयी इतरांत कुजबुज चालते. तो तोंड उघडे ठेवून चावतो किंवा खरकटा हात दुसऱ्याच्या डब्यात घालतो, नाही तर मोठ्याने ढेकर देतो. त्याला सांगायचे का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि बहुधा कुणीच सांगत नाही. काही दिवसांनी त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागते. कुणाला अचानक ‘काम असते’, कुणी जागेवरच जेवायला लागतो. त्या माणसाला मात्र आपले काय चुकले हे कधीच कळत नाही.

प्रश्न किरकोळ वाटतो. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या सल्ल्याच्या सदरांत तो ‘टेबल मॅनर्स’ या नावाखाली निकालात निघतो. पण मुंबईत कोण कुणाच्या शेजारी जेवतो, ही बाब कधीच किरकोळ नव्हती. या शहरात माणसे एका टेबलावर यायला शंभरहून अधिक वर्षे लागली. त्या काळात शेजारच्या माणसाचे जेवण खटकले की बोलण्यापेक्षा बाजूला सरकण्याचीच रीत होती. म्हणून आजच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा इतिहास पाहावा लागतो.

सुरुवात १८४९ पासून करू. त्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. ही गुप्त सभा होती. तिच्यात जातिभेद न मानणाऱ्यालाच प्रवेश होता आणि त्याची परीक्षा जेवणातून होई. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी पिणे, ही ती परीक्षा. आज वडापाव खाताना हे वाचले तर हसू येईल. पण १८६० च्या सुमारास सभेच्या सदस्यांची यादी चोरीला गेली, नावे फुटण्याची भीती पसरली आणि सभा मोडली. पावाचा तुकडा एवढा महाग होता.

तीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्यात पंचहौद मिशनचे चहा प्रकरण गाजले. मिशनऱ्यांच्या कार्यक्रमाला शहरातली नामवंत मंडळी गेली होती. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसताच कप हातात धरला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे छापून टाकली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले. ज्या पिढीने देशाच्या राजकारणाला दिशा दिली, तिला एका कप चहाचा खुलासा देत बसावे लागले.

योगायोग असा की मुंबईतल्या डबेवाल्यांच्या व्यवसायाची सुरुवातही १८९० च्याच सुमारास, महादू हावजी बच्चे यांच्यापासून मानली जाते. डबेवाल्यांचे कौतुक आपण त्यांच्या अचूकपणासाठी करतो. पण घरचे जेवण एवढ्या खटपटीने कचेरीत का मागवावे लागले? चव आणि खर्च ही कारणे होतीच. त्यांच्या जोडीला एक मोठे कारण होते: दुसऱ्याच्या चुलीवरचे चालत नव्हते. डब्यामुळे माणूस परक्या वस्तीत, परक्या माणसांत बसूनही आपल्याच स्वयंपाकघरात जेवू शकत होता. कामाची जागा एक झाली, पण चूल मात्र ज्याची त्याचीच राहिली.

नोकरीच्या ठिकाणी याचे सर्वांत बोचरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत आणि कचेरीत त्यांना पिण्याचे पाणी मिळत नसे. पुढच्या वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला माणूस, पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी ते पितात यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. इथे कुणाच्या वागण्यात खोट नव्हती. आंबेडकरांच्या शिष्टाचाराबद्दल कुणाची तक्रार असणे शक्यच नव्हते. तक्रार त्यांच्या असण्याबद्दल होती आणि तिला निमित्त मिळाले पाण्याच्या भांड्याचे.

गिरण्यांत तेच होते. विणकामाच्या खात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाची लाळ दुसऱ्याला लागेल, बाटवाबाटवी होईल, म्हणून इतर कामगारांचा विरोध. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला. एका ‘उष्ट्या’ धाग्यामुळे हजारो माणसांना चांगल्या पगाराचे दार बंद होते. त्याच काळात रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ अशी वेगळी व्यवस्था होती आणि ती फाळणीच्या काळापर्यंत टिकली.

मग माणसे एका टेबलावर आली कशी? यात सुधारकांचा मोठा वाटा आहे. मुंबईत अनंत हरी गद्रे यांच्यासारख्यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवली. पण रोजच्या जगण्यात हे काम कारखान्याने आणि कायद्याने केले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचे कलम ४६ सांगत होते की अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे कॅन्टीनची सक्ती करता येईल. कलम ४७ प्रमाणे दीडशेहून अधिक कामगार असतील तिथे विश्रांतीची आणि सोबत आणलेले जेवण खाण्याची खोली लागत असे. अशी खोली असेल तर कामाच्या जागी कुणी जेवायचे नाही, असेही तेच कलम म्हणत होते. म्हणजे सरकारने कामगाराला सांगितले, उठ आणि सगळ्यांसोबत बसून जेव.

पुढच्या काही दशकांत भांडुप, मुलुंड, विक्रोळी, घाटकोपर या पट्ट्यात कारखाने वाढले. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९७३ मध्ये अंधेरीत सीप्झ उभे राहिले. साताऱ्याचा मराठा, रत्नागिरीचा कोकणी मुसलमान, मंगळूरचा ख्रिस्ती, आझमगढचा अन्सारी, कच्छचा गुजराती, नागपूरचा बौद्ध अशी माणसे एका भोंग्याला उठून एका खोलीत डबा उघडू लागली. आज त्यातल्या कित्येक कारखान्यांच्या जागी मॉल आणि काचेच्या इमारती आहेत. भोंगा गेला, पण जेवणाचे टेबल राहिले.

या टेबलावर पहिल्यांदा एक गोष्ट उघड झाली. शिष्टाचार सगळ्यांना होते, पण ते एकसारखे नव्हते. एक साधे उदाहरण घ्या. मराठी हिंदू घरात जेवताना उजवा हात खरकटा मानतात. म्हणून मधल्या भांड्यातून भाजी वाढून घ्यायची तर डाव्या हाताने. उजव्या हाताने डाव धरला तर आई ओरडते. मुसलमान घरात डाव्या हाताने अन्न घेणे किंवा देणे हीच बेअदबी. आता हे दोघे एका टेबलावर बसले. एकाने डाव्या हाताने भाजीचा डबा पुढे केला, दुसऱ्याने उजव्या खरकट्या हाताने तो घेतला. दोघांच्याही मनात एकच वाक्य आले असेल, ‘याला घरी काही शिकवले नाही वाटते.’ खरे तर दोघांनाही घरी नीट शिकवलेले होते.

आणखी पाहा. आपल्याकडे दस्तरख्वानावर एका ताटात दोघा-चौघांनी जेवणे हे प्रेमाचे लक्षण. बोहरी कुटुंबांत एका थाळाभोवती आठ जण बसतात. शेजारच्या देशस्थ सहकाऱ्याला ते उष्टे वाटते. जेवण संपल्यावर बोटे चाटून घेणे आपल्याकडे सुन्नत समजतात, कारण अन्नाचा कण वाया जाऊ नये. काट्या-चमच्याच्या शिष्टाचारात तेच किळसवाणे. मराठी घरात कढीचा किंवा ताकाचा भुरका मारणे ही स्वयंपाकाला दिलेली दाद, तर कॉर्पोरेट लंचमध्ये तो असभ्यपणा. सुकट-बोंबलाचा वास कोकणी मुसलमान, कोळी आणि मालवणी माणसाला गावाची आठवण देतो. तोच वास मायक्रोवेव्हमधून बाहेर आला की दुसऱ्या कुणाला एचआरकडे तक्रार करावीशी वाटते.

या यादीतले काहीही ‘वाईट सवय’ नाही. ते वेगळे वळण आहे. वेगळ्या वळणाला वाईट म्हणण्याचा अधिकार ज्याला असतो, त्याच्या हातात टेबल जाते.

याचे ताजे उदाहरण आपल्या उपनगरातच घडले. पवईच्या आयआयटीत जानेवारी २०१८ मध्ये एका वसतिगृहाच्या मेस कौन्सिलने ईमेल पाठवून मांसाहारी विद्यार्थ्यांना वेगळी ताटे वापरायला सांगितले. जुलै २०२३ मध्ये दुसऱ्या एका वसतिगृहाच्या कॅन्टीनमध्ये ‘इथे फक्त शाकाहारींनी बसावे’ अशा अर्थाचे कागद लागले. त्यावर वाद झाला. मग सप्टेंबरमध्ये तीन वसतिगृहांच्या सामाईक मेसमध्ये सहा टेबले शाकाहारींसाठी राखली गेली आणि निषेध म्हणून त्या टेबलावर मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपयांचा दंड झाला. शेजारच्या ताटातले पाहून कुणाला मळमळत असेल, ती भावना खोटी म्हणायचे कारण नाही. पण एकमेकांशी बोलून सुटण्याजोगी गोष्ट नियम आणि दंडापर्यंत गेली, की तिचा रंग बदलतो. कागद चिकटवणाऱ्याला समोरच्याशी बोलावे लागत नाही. १९१८ च्या पाण्याच्या भांड्याशी या कागदाचे नाते मला इथे दिसते.

मुसलमान कर्मचाऱ्यासाठी यात आणखी एक पेच आहे. देशपांडे मचमच आवाज करत जेवले तर ते देशपांडेंचे वैयक्तिक वैगुण्य असते. शेख तसे जेवले तर ‘हे लोक असेच’ असे होते. त्यामुळे शेखला कुणी दोन शब्द सांगितले तरी त्याला ते साऱ्या कौमेवरचे बोट वाटू शकते. उलट बाजूने, भला सहकारी ‘उगाच धार्मिक अर्थ निघेल’ म्हणून गप्प बसतो आणि हळूच दुसऱ्या टेबलावर जातो. दोघांच्याही मनात वाईट नसते, तरी निकाल जुनाच लागतो. ताट बाजूला सरकते.

म्हणून मला वाटते, गप्प बसणे म्हणजे नेहमीच सभ्यपणा नव्हे. या शहरात बहिष्कार बहुतेक वेळा न बोलताच घातला गेला आहे. आणि ज्याच्याशेजारी उद्याही बसायचे आहे, त्यालाच माणूस काही सांगण्याची तसदी घेतो.

पण कशाबद्दल सांगावे? आधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, त्याच्या वागण्याने इतरांना काही अपाय आहे का? सगळ्यांच्या डब्यात खरकटा हात घालणे, अन्नावर खोकणे-शिंकणे, बेसिन तुंबवून जाणे, हे सांगायलाच हवे. दुसरा, हे फक्त वेगळे वळण आहे का? डावा-उजवा हात, भुरका, बोटे चाटणे, हाताने जेवणे यात सुधारण्यासारखे काही नाही. फार तर कुतूहलाने विचारावे, म्हणजे दोघांच्याही ज्ञानात भर पडेल. तिसरा प्रश्न अवघड आहे. माझी चीड त्याच्या चावण्याची आहे, की त्याच्या डब्यातल्या पदार्थाची, त्याच्या नावाची, त्याच्या वस्तीची? उत्तर यातले काही असेल तर दुरुस्ती कुणाची हवी, हे सांगायला नको. शिवाय नाक सतत चोंदलेले असणारा माणूस तोंड मिटून चावू शकत नाही, आणि नीट न बसणारी कवळी आवाज करतेच. सगळेच बेशिस्तीचे नसते.

आणि कसे सांगावे? इथे आपल्या परंपरेत एक सुंदर दाखला आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत उमर बिन अबी सलमा यांची आठवण आहे. ते उम्मे सलमा यांचे पुत्र, पैगंबरांच्या घरात वाढलेले. लहानपणी जेवताना त्यांचा हात ताटभर फिरायचा. पैगंबरांनी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या: अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने खा, आपल्या समोरचे खा. ‘तू चुकतोस’ असे त्यात कुठेच नाही. काय करू नये यापेक्षा काय करावे हे सांगितले आहे. आणि सांगणारा त्याच ताटात जेवणारा, घरचा माणूस आहे. मोठेपणी उमर सांगतात की त्यानंतर माझी जेवण्याची पद्धत तीच राहिली. एकदाच, थोडक्यात आणि मायेने सांगितलेले आयुष्यभर पुरले.

पैगंबरांसमोर एकाने ढेकर दिली तेव्हा त्यांनी त्याला ती आवरायला सांगितले, असा प्रसंगही तिर्मिजीच्या संग्रहात आहे. म्हणजे सांगणे वर्ज्य नव्हते. पण त्यांनी अन्नाला कधी नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले, हेही हदीसमध्येच आहे. सहकाऱ्याच्या डब्याला ‘कसला वास’ म्हणण्याआधी हे आठवावे. आपल्यातल्या ज्यांना दुसऱ्याच्या साध्या वरणभाताची टिंगल करायची सवय आहे, त्यांनीही आठवावे.

सन ११११ मध्ये वारलेल्या इमाम गझालींनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये जेवणाच्या अदबीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यात ते दोन्ही बाजूंना बांधून घेतात. जेवणाऱ्याने शेजाऱ्याला किळस येईल असे करू नये: ताटावर हात झटकू नये, घास घेताना तोंड ताटावर आणू नये, तोंडातून काही काढायचे तर मान वळवावी. आणि शेजाऱ्याने जेवणाऱ्याकडे टक लावून पाहू नये, नजर खाली ठेवावी. युरोपात इरॅस्मसने १५३० मध्ये मुलांसाठी शिष्टाचाराचे पुस्तक लिहिले. तिथेही निष्कर्ष जवळपास हाच आहे. आपण स्वतः चुकू नये, दुसऱ्याची चूक मोकळ्या मनाने माफ करावी आणि सोबती अजाणता चुकत असेल तर त्याला एकट्याला, हळुवार सांगावे. बगदाद-तूसचा आलिम आणि रॉटरडॅमचा पंडित चार शतकांच्या अंतरावरून एकाच जागी पोचतात.

आपल्या घराघरात एक कथाही सांगितली जाते. एक वृद्ध चुकीच्या पद्धतीने वुजू करत होते. लहानग्या हसन-हुसेन यांनी त्यांना चूक दाखवली नाही. ते म्हणाले, बाबा, आम्हा दोघांत कोणाचा वुजू बरोबर ते तुम्ही ठरवा. मुलांचा वुजू पाहून म्हाताऱ्याला आपली चूक उमगली. ऑफिसात याचा तर्जुमा सोपा आहे. ‘तू हात घालू नकोस’ म्हणण्याऐवजी ‘चला, प्रत्येक डब्यात एक वाढायचा चमचा ठेवू’ म्हणावे आणि आधी आपल्या डब्यात ठेवावा. नियम सगळ्यांना लागू होतो, बोट कुणाकडे जात नाही.

तरीही थेट बोलण्याची वेळ आली, तर ज्याची त्याच्याशी सर्वांत जास्त जवळीक आहे त्याने बोलावे. टेबलावर नको, इतरांसमोर नको. ‘सगळे म्हणतात’ असे तर मुळीच नको, त्या दोन शब्दांनी माणूस एकटा पडतो. संध्याकाळी घाटकोपरकडे जाणाऱ्या मेट्रोत शेजारी उभे असताना, ‘दादा, एक सांगू का, राग मानू नका’ एवढी प्रस्तावना पुरे. साहेबाने सांगायचे तर आणखी जपून, कारण त्याच्या शब्दाला पगाराचे वजन असते. आणि मेल टाकून तर नकोच.

ऐकणाऱ्याचीही जबाबदारी आहे. कुणी धीर करून एकट्याला गाठून सांगितले, तर त्यात लगेच कौमेचा अपमान शोधू नये. ज्याला आपल्याशी देणेघेणे नाही, तो एवढी तसदी घेत नाही, गुपचूप खुर्ची बदलतो. आपले वळण त्याला समजले नसेल तर समजावून द्यावे, त्याचे म्हणणे रास्त असेल तर मान्य करावे. आवाज करत चावण्याला कुठल्याही मजहबची सनद नाही.

दादोबांच्या सभेला पावाचा एक तुकडा खाण्यासाठी दारे-खिडक्या लावाव्या लागल्या. आज अंधेरीत तोच पाव सगळ्यांच्या डब्यांमधून उघड्यावर फिरतो. हे टेबल फुकट मिळालेले नाही. त्यावर खटकणाऱ्या गोष्टी घडणारच, आणि घडल्या तर तोंडाने सांगून मोकळे व्हावे. आपला डबा मात्र तिथून उचलू नये.